रविवारचे सर

रविवारी त्यांच्याकडे पाणी मागायचं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. मी नवा होतो, तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायला सुलतानपूरहून इकडे सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन पडलेला. स्टाफरूममध्ये एक पंचेचाळिशीचा माणूस कागदांना टाचण्या लावत बसला होता. आदल्याच दिवशी त्यानं मला पांढऱ्या गणवेशात चहा आणून दिला होता, म्हणून मी आपलं सहज म्हणालो, "चाचा, जरा पाणी द्या ना."

त्यांनी मान वर केली. अंगात इस्त्रीचा निळा शर्ट, आत खोचलेला, खिशाला दोन पेनं. "सर, माठ तिथी हाय," ते शांतपणे म्हणाले. "आज आयतवार हाय. आज मी शिपाई नाही."

मी उठलो आणि माझ्या हातानं पाणी घेतलं. पुढं दहा वर्षं घेत राहिलो.

वरवट बकालच्या फाट्यावर उतरून पुढं दुसरी गाडी धरावी लागे, अशा जागी आमचं कॉलेज होतं. सोमवार ते शनिवार ते तिथले शिपाई. घंटा, खडू, हजेरीपुस्तक, प्राचार्यांचा डबा. तेव्हा सगळे त्यांना चाचा म्हणत. रविवारी त्याच इमारतीत मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र भरे, आणि त्या दिवशी ते सर होत. केंद्राच्या कागदावर त्यांचं नाव कुठंही नव्हतं. केंद्रसंयोजक म्हणून ज्यांची सही लागे, ते प्राध्यापक रविवारी शेगावला आपल्या घरी असत. फॉर्म भरून घेणं, फोटो चिकटवणं, गृहपाठ गोळा करणं, नापास झालेल्याच्या घरी जाऊन त्याला पुन्हा उठवणं, हे सगळं हे बिनकागदाचे सर करत. आम्हा शिकवणाऱ्यांना त्या दिवशी त्यांना सर म्हणावंच लागे. कुणी चुकून चाचा म्हटलं की त्यांना ऐकू येत नसे.

नवा माणूस भेटला की ते नाव विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला, "किती शिकला?" बाजाराच्या दिवशी वांग्याच्या ढिगामागे बसलेल्या बाईला, पंक्चरवाल्याला, एसटीच्या वाहकाला, सगळ्यांना तोच. वाहकानं एकदा चिडून "तुमाले तिकीट पाह्यजे का माही कुंडली?" म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, "तिकीट दे, अन् फॉर्म घे." त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फॉर्म कायम असत, शिवाय डिंकाची बाटली, शाईचा डबा आणि जुन्या प्रश्नपत्रिका. कुणी सातवीत शाळा सोडलेली, कुणी नववीत. त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी नावाची परीक्षा असे. दहावी-बारावी झाली नसली तरी ती एक परीक्षा पास झालं की सरळ बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळे. या वाटेवर त्यांचा जीव होता, कारण ते स्वतः त्याच वाटेनं आले होते.

बाप बांगड्या विकणारा. उर्दू शाळेतून सातवी झाली आणि शिकणं संपलं. सातवी पासवर कॉलेजात शिपाई लागले. मग ज्या कॉलेजात झाडू मारायचे तिथंच पूर्वतयारी दिली, बी.ए. केलं, एम.ए. केलं, तेही मराठीत. परीक्षेच्या सकाळी बाकांवर आसनक्रमांक तेच लिहायचे, माठ भरून ठेवायचे, घंटा द्यायचे, आणि मग घाम पुसत आपल्या क्रमांकावर जाऊन बसायचे. हे सांगताना ते स्वतःच खूप हसत. "घंटा बी मीच द्यायचो, अन् घंटा झाली की धडधड बी माह्याच छातीत व्हायची."

एम.ए. झाल्यानं त्यांच्या नोकरीत कणभर फरक पडला नव्हता. पण त्यांना दहावीचं सर्टिफिकेटही कुणी कधी मागितलं नव्हतं. शिपायाला कोण मागणार? त्यावरून त्यांनी एक सिद्धान्त काढला होता, आणि तो ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकवत, "पदवी झाली की दहावी कोण विचारते बे?" आम्ही सगळे शिकलेले लोक ते ऐकून हसत होतो. त्यात किती मोठी चूक आहे, हे तपासावं असं कुणालाही वाटलं नाही.

श्रेयांकाचं तर त्यांना वेडच होतं. तीस तास अभ्यास म्हणजे एक श्रेयांक, हा विद्यापीठाचा हिशेब त्यांनी कुठल्यातरी पुस्तिकेत वाचला आणि सगळ्या जगाला लावून टाकला. कुणाच्या म्हातारीनं अडलेली गाय सोडवली, की दोन श्रेयांक. कुणी आजारी सासूचं वर्षभर केलं, की सोळा. एकदा प्राचार्य तासभर भाषण देऊन खाली बसले, तेव्हा हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "शून्य." मला इतकं हसू आलं की मी रुमाल तोंडाला लावून बाहेर गेलो.

एक गवंडी होता त्यांच्या गोटात. त्याला 'मध्ययुगीन वास्तुकला' असा प्रश्न आला. पुस्तकातल्या सनावळ्या त्याच्या ध्यानात राहात नव्हत्या, म्हणून त्यानं घुमट का पडत नाही यावर चार पानं लिहिली. चुना किती दिवस भिजवायचा, वीट कशी तिरपी बसवायची, शेवटचा दगड कुणी ठेवायचा. त्याला नापास केलं. सर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवून माझ्याकडे आले. मी वाचली, आणि मला लाज वाटली, कारण घुमट का पडत नाही हे मलाही तेव्हाच कळलं. सर म्हणाले, "तपासणाऱ्यानं कधी संडास तरी बांधला का?" मी म्हटलं, पुढच्या खेपेला त्याला सनावळ्या पाठ करायला लावा. त्यांनी लावल्या. तो पास झाला आणि त्यानंतर मला कधी घुमटाबद्दल बोलताना दिसला नाही.

पण मला सांगायची आहे ती वंदनाची गोष्ट.

वंदना अंगणवाडीत मदतनीस होती. बौद्धवाड्यातली, नवरा ट्रॅक्टरवर, नववीत असताना लग्न झालेलं. सकाळी पोरं घरून उचलून आणायची, खिचडी शिजवायची, शी-शू काढायची, भांडी घासायची. तिथल्या सेविकाबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, चार-पाच वर्षांत निवृत्त होणार होत्या. सेविकेची जागा गावात पिढीतून एकदा निघते. मदतनीस शिकलेली असली तर पहिला हक्क तिचा. सर बाजारात वंदनाला भेटले, प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि तिथंच भाजीच्या पिशवीवर फॉर्म ठेवून तिची सही घेतली.

"किती साल झाले खिचडी शिजवून राह्यली?"

"नऊ."

"तीस तासाचा एक श्रेयांक धरला त तुही पीएचडी झाली, बेटा. बी.ए. त निस्तं कागदाचं काम हाय. मॅडम निवृत्त व्हईन तवा तुह्या हातात पदवी पाह्यजे."

ती पूर्वतयारी पास झाली. रविवारी ती पहिल्या बाकावर बसे, आणि बारा वाजले की डोळे मिटत, कारण पहाटे चारला उठलेली असे. सर मागून हळूच येऊन तिच्या बाकावर खडू आपटत. ती दचकून "हाव सर" म्हणे आणि पुढचं लिहायला घेई. मी शिकवलेल्यांत तिच्याइतकं मन लावून इतिहास ऐकणारं कुणी नव्हतं. एकदा तिनं विचारलं होतं, "सर, हे राजे जेवत काय व्हते, ते काऊन नाही पुस्तकात?"

तिच्या पहिल्या वर्षाची परीक्षा झाली होती आणि निकाल यायचा होता, तेव्हा मी दिवाळीला सुलतानपूरला गेलो. माझा एक चुलतभाऊ असाच, पूर्वतयारी करून पदवीधर झालेला. त्यानं एका भरतीचा अर्ज भरला आणि तो बाद झाला. अटीत दहावी पास लिहिलं होतं, आणि त्याच्याकडे दहावी नव्हती. पदवी दाखवली, गुणपत्रिका दाखवल्या. त्यांनी सांगितलं, तुमची पदवी खरी आहे, पण मधली पायरी नाही, ती आम्हाला लागते. भाऊ ओसरीवर बसून हे सांगत होता आणि माझ्या डोळ्यासमोर वंदना उभी राहिली. सेविकेसाठी बारावी लागते, हे मला ठाऊक होतं. शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावी देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो, हेही ठाऊक होतं. तिनं पुढच्या मार्चला दहावी दिली असती आणि दोन वर्षांनी बारावी, तर सेविकाबाई निवृत्त होईपर्यंत तिचं सगळं जुळून आलं असतं. बी.ए.ही बाजूला चालू राहिलं असतं.

परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी मी सांगायचं ठरवून गेलो. सर जिन्यावरच भेटले. हातात निकालाचा कागद होता. वंदना पहिल्या वर्षाच्या सगळ्या विषयांत पास झाली होती. त्यांनी बर्फी आणली होती, प्रत्येकाला स्वतः भरवत होते. "सर, मला तुमच्याशी बोलायचं आहे," मी म्हणालो. ते म्हणाले, "आज नको, आज निस्तं खा." मी खाल्ली.

पुढच्या रविवारी नाही सांगितलं. त्याच्या पुढच्याही नाही. मनाला समजावलं की अंगणवाडीचे नियम वेगळे असतील, तोवर काही निघेल, पदवीधराला कोण नाही म्हणेल. खरं सांगायचं तर मला त्यांचा चेहरा पडलेला पाहायचा नव्हता. आणि दुसरं असं की त्यांचा सिद्धान्त खोटा ठरला तर निम्मी मुलं केंद्र सोडतील, केंद्र बंद पडेल आणि माझे रविवारचे मानधनाचे तास जातील, हाही विचार मनात आला होता. तो आला नव्हता असं मी म्हणणार नाही.

वंदना एक वर्ष इंग्रजीत अडकली, पण निघाली. बी.ए. झाली त्या दिवशी ती कॉलेजच्या फाटकातून आत आली तेव्हा सरांनी स्वतः घंटा दिली. रविवार होता, घंटा देण्याचं काम त्यांचं नव्हतं, तरी दिली. पुढं सहा महिन्यांत सेविकाबाई निवृत्त झाल्या आणि जागा निघाली. वंदनानं अर्ज केला. यादी लागली, त्यात तिच्या नावापुढं 'अपात्र' लिहिलं होतं.

मंगळवारी आम्ही तिघं तालुक्याच्या ऑफिसात गेलो. सरांनी रजा टाकली होती आणि अंगात रविवारचा निळा शर्ट घातला होता. टेबलामागे एक तरुण मॅडम होत्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी कागद नीट पाहिले.

"काका, पदवी बरोबर आहे. पण बारावीची गुणपत्रिका जोडलेली नाही."

"बारावी नाही तिची. पदवी हाय."

"अट बारावी पासची आहे."

"मॅडम, पदवी बारावीच्या वर असते का खाली?"

"वर."

"मंग?"

"वर असते हो काका. पण बारावी नाहीये ना."

सरांनी पिशवीतून पुस्तिका काढली, श्रेयांकाचं पान उघडलं, बोट ठेवून वाचून दाखवू लागले. मॅडमनी मध्येच थांबवून आदरानं विचारलं, "सर, तुम्ही कुठल्या शाळेवर आहात?"

त्यांनी पानावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "मी कॉलेजात शिपाई हावो."

मॅडम काही वाईट बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पुस्तिका बंद करून परत दिली. आणि सांगितलं की गावातून दुसरा अर्ज आहे, एका सूनबाईचा, बारावी पास आहे.

फाट्यावर चहाच्या टपरीत बसलो. वंदनानं चहा सांगितला. तिनं सरांच्या कपात साखर जास्त घालायला सांगितली, कारण त्यांना गोड लागतं. सर माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच मला झेपेना.

"सर, तुमी नेट-सेट झालेले मानसं. तुमाले मालूम व्हतं का हे?"

"नव्हतं," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी ते पांढऱ्या गणवेशात आले. माठ भरला, वर्ग झाडले, मुलं आली तशी दाराशी उभे राहिले. मी "सर" म्हणून हाक मारली तर म्हणाले, "पाणी आणू का?" मी नको म्हटलं. त्यांनी आणलंच, आणि ते पाणी मला प्यावं लागलं.

त्यानंतर ते वेगळ्याच कामाला लागले. जितक्यांना त्यांनी पूर्वतयारीतून पदवीधर केलं होतं, त्यांची यादी काढली आणि घरोघरी जाऊ लागले. सतरा नंबरचा फॉर्म भरा, दहावी द्या, बारावी द्या. ऐकणाऱ्याला वाटे, म्हातारा भ्रमला. एका शिंप्यानं भिंतीवरची पदवीची फ्रेम काढून त्यांच्या हातात दिली. "बी.ए. झाल्यावर दहावीले बसू का पोट्ट्यायच्या बाजूनं? तुमीच त म्हनले व्हते, कोण विचारते म्हून." गवंडी तेवढा शिव्या न देता म्हणाला, "चाचा, आता सनावळ्या बी ध्यानात नाही राह्यल्या माह्या." एकानंही फॉर्म भरला नाही. ही बातमी गावोगाव फिरली. नवीन विद्यार्थी येईनासे झाले आणि दोन वर्षांत केंद्र बंद पडलं. माझे रविवार मोकळे झाले. ज्याला मी भ्यालो होतो ते सगळं झालंच, आणि वर वंदनाची जागाही गेली.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात प्राचार्यांनी त्यांना शाल दिली आणि त्यांच्या 'सेवाभावी वृत्ती'बद्दल बोलले. रविवारबद्दल एक शब्द नाही. त्यांना स्वतःला बोलायला सांगितलं तर ते उठले, "माहं काही नाही," म्हणाले आणि बसले.

मागच्या उन्हाळ्यात मी वंदनाला भेटायला अंगणवाडीत गेलो. का गेलो, ते मला नीट सांगता येत नाही. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं असह्य झालं होतं, इतकंच. नवी सेविका बैठकीला गेली होती. मोबाईलवर भरायची सगळी माहिती वंदनाच भरत होती, कारण तिला ती पटकन जमते. मधूनच ताटात घेऊन डाळ निवडत होती. चिल्लीपिल्ली झोपली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सुलतानपूरची ओसरी, चुलतभाऊ, बर्फी, टपरीवरचं खोटं, सगळं सांगून टाकलं.

ती डाळ निवडत राहिली. खडे बाजूला काढत होती, एकेक.

"मंग तुमी तवा काऊन नाही बोलले?"

"भ्यालो."

"कोणाले?"

मी म्हटलं, "सरांना सांगून टाकतो. आजच जातो. त्यांना वाटतं सगळी चूक त्यांची आहे."

तेव्हा तिनं हात थांबवला. पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "नका सांगू," ती म्हणाली. "तुमच्यावर त्यायचा लय भरोसा हाय. त्यायले वाटते, एवढ्या शिकेल मानसाले बी मालूम नव्हतं, मंग आपल्याले कुठून मालूम व्हईन. त्याच्यावरच त्यायले झोप लागते. ते बी नेऊ नका."

आत एक पोर रडायला लागलं. ती ताट ठेवून उठली.

मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जातो. डोळे अधू झालेत, पेपर मी वाचून दाखवतो. बोलता बोलता कुठूनही ते वंदनावर येतात. "लय हुशार पोरगी. माह्यामुळं गेली तिची जागा," म्हणतात. मग माझा हात चाचपडून धरतात आणि माझी समजूत घालतात, "जाऊ द्या सर, तुमाले तरी कुठं मालूम व्हतं."

मी म्हणतो, नव्हतं.